पलीकडच्या काठापर्यंत

४ मार्च, मंगळवार

सेक्रेटरींनी आज ऑफिसात बोलावून घेतलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी तिथेच ओळखलं. इतक्या वर्षांत त्या माणसाने मला कधी पाणी विचारलेलं नाही.

"मॅडम, क्लबला तुमच्याबद्दल फार आदर आहे," म्हणाले. पुढचं सगळं त्यांनी टेबलावरच्या पेपरवेटला सांगितलं. ऑपरेशनमध्ये माझं स्वरयंत्र गेलं. आता मी श्वाससुद्धा नाकातोंडाने घेत नाही, गळ्याला केलेल्या भोकातून घेते. म्हणजे पाण्यात उतरणं बंद, ओरडणं बंद. शिट्टीही बंद, कारण फुंकायला तोंडात हवाच येत नाही. हे सगळं मला ते अशा थाटात समजावत होते, जणू मी रोज आरसा बघतच नाही.

"आता तुम्हीच सांगा, मुलांना हाक कशी मारणार?"

मी फोनवर टाइप करून त्यांच्यापुढे धरलं. "मारीन."

"अहो, पण कशी?"

"ते माझं मी बघते."

ते हसले. माणूस वाईट नाही, पण ते हसणं मला झोंबलं. मी लिहिलं, पाण्यात उतरायला तुमच्याकडे गार्ड आहे. पोहायला शिकवणारी बाई काठावरच उभी असते. कोण दमलंय, कोण घाबरलंय, कुणाचा पाय वाकडा पडतोय हे काठावरून दिसतं. डोळे कापलेले नाहीत माझे.

त्यांनी बराच वेळ ते वाचलं. मग म्हणाले, एप्रिलअखेरपर्यंत बघू. तलाव भरलेला असताना, नेहमीच्या जागेवरून, पलीकडच्या काठापर्यंत तुमचं म्हणणं पोचलं पाहिजे. पोचलं, तर मुलांची बॅच तुमची.

पोचणार.

५ मार्च, बुधवार

माझी लेक प्रोग्रॅमर आहे. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. मी हॉस्पिटलात असतानाच तिने माझ्या फोनसाठी एक ॲप करून ठेवलं होतं. बटण दाबलं की एक बाई बोलते. "कृपया थोडं थांबा." "मला पाणी मिळेल का?" "आपले आभारी आहे."

मी आयुष्यात कुणाला 'कृपया' म्हटलेलं नाही.

गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्रही हॉस्पिटलातल्या वाचा-उपचारवाल्या बाईंनी दिलंय. भुंगा बाटलीत कोंडल्यासारखा आवाज येतो. दुकानात चालतं. तलावावर काय कामाचं?

लेकीला लिहून सांगितलं, ॲपमध्ये 'कृपया' काढ, 'ए, थांब!' घाल. ती म्हणाली, "आई, रविवारी करते." त्याआधी 'पाय सरळ' घालायला सांगितलं होतं, तेही रविवारीच झालं होतं. ती दमून येते, मला दिसतं. पण माझी जीभ तिच्या सुट्टीच्या दिवशीच हलणार असेल, तर ती जीभ माझी कसली?

९ मार्च, रविवार

मीच शिकणार. ठरलं.

लेक आधी हसली, मग चिडली. "आई, मी अर्ध्या दिवसात करून देईन. तुला सहा महिने लागतील."

"दीड आहे माझ्याकडे," मी लिहिलं.

तिच्या जुन्या लॅपटॉपवर तो एआय सहायक आहे. ऑफिसात सगळे त्याच्याकडूनच लिहून घेतात म्हणे. मी त्याला पहिल्याच ओळीत बजावलं. 'मी पोहायला शिकवते. पोरं कितीही रडली तरी त्यांच्याऐवजी मी कधी पोहले नाही. तूही माझ्याऐवजी पोहायचं नाही. काठावर उभं राहायचं, कुठे चुकतंय ते सांगायचं. कोड मी लिहिणार.'

तो म्हणाला, 'समजलं. तुम्ही अडलात तर मी आधी प्रश्न विचारेन. आयतं उत्तर हवं असेल, तर तसं सांगा.'

'नाही सांगणार.'

'ठीक आहे. मग पहिला प्रश्न. एक बटण दाबल्यावर नेमकं काय व्हायला हवं, ते तुमच्या शब्दांत क्रमाने लिहा.'

एवढ्या साध्या प्रश्नाला मला अख्खी दुपार लागली. बटण दाबलं की आवाज यावा, यात क्रम कसला? पण आहे. दाबलं हे आधी कळायला हवं, कोणतं दाबलं ते कळायला हवं, त्याचा आवाज शोधायला हवा, मग वाजवायला हवा. पोहण्यात श्वास कधी घ्यायचा हे मी पोरांना असंच तोडून तोडून शिकवते. तेव्हा त्यांचे चेहरे जसे होतात, तसा आज माझा झाला होता.

मी त्याचं नाव काठावरचा ठेवलंय.

१६ मार्च, रविवार

आठवडाभर नुसत्या चुका. एक कंस उघडला आणि बंद करायला विसरले, तर मशीनने भलत्याच ओळीला दोष दिला. काठावरच्याला विचारलं. तो म्हणाला, 'चूक दाखवलेल्या ओळीच्या जरा वर बघा. काय उघडं राहिलंय?' सांगितलं नाही, बघायला लावलं. बरं वाटलं.

बुधवारी मात्र घसरला. मी एक छोटी शंका विचारली, तर पठ्ठ्याने अख्खा प्रोग्रॅम लिहून समोर टाकला. मी तो न वाचता पुसला आणि त्याला झापलं. 'पाण्यात उडी मारलीस तू. काठावर ये.' त्याने माफी मागितली आणि पुन्हा प्रश्नांवर आला.

काल आणखी गंमत. आवाज थांबवायला त्याने एक हुकूम सांगितला. मी तसाच लिहिला. मशीन म्हणालं, असं काही नाहीच. मी तीनदा तपासलं, स्पेलिंग बघितलं, स्वतःला शिव्या घातल्या. शेवटी त्यालाच विचारलं, 'हे खरंच आहे का?' तर म्हणतो, 'नाही, माझी चूक झाली. तुम्ही वापरताय त्या साधनात हा हुकूम नाही. त्याच्या माहितीपानावर काय दिलंय ते आपण बघू.' मघाशी मात्र अगदी ठामपणे सांगत होता! यापुढे त्याने सांगितलेलं आधी करून बघायचं, मग मानायचं.

आज सकाळी एक आकडा दाबला आणि लॅपटॉपमधली बाई म्हणाली, "थांब!" मी खरोखर थांबले.

२२ मार्च, शनिवार

लेकीने आज जेवताना एक नवीनच काढलं. माझ्या जुन्या आवाजातले निरोप तिच्या फोनमध्ये आहेत, वर्षानुवर्षांचे. त्यांच्यावरून हुबेहूब माझाच आवाज करता येतो म्हणे. "तुझा प्रोग्रॅम तसाच ठेव, हवं तर. फक्त आवाज बदलू. तू बोललीस असंच वाटेल."

मी लिहिलं, नको.

"एकदा ऐकून तरी बघ."

नको.

"का पण? तुझाच तर आवाज आहे तो!"

मी लिहिलं, तो आवाज ज्या बाईचा होता, तिला गळ्याला भोक नव्हतं. मला तिचं सोंग करायचं नाही. आहे तशी उभी राहणार.

ती ताटावरून उठली. "सगळं तुझ्याच मनासारखं व्हायला हवं. माझं काही गेलंच नाही ना!" म्हणाली.

तिचं काय गेलं? तिचा गळा धडधाकट आहे. कामाच्या कौतुकाचा शब्द ऐकायचा असेल तिला. तिने मेहनत घेतली असणार, मला पटतं. पण म्हणून मी माझ्यात दुसरंच कुणी बसवून घेऊ?

२४ मार्च, सोमवार

संध्याकाळी लेकीच्या खोलीच्या दाराशी गेले, तर आतून माझा आवाज आला. "अगं, पोचलीस का? पोचलीस की एक फोन कर. डबा खाल्लास ना?" मग बंद. मग पुन्हा तेच. पुन्हा तेच.

म्हणजे मी नाही म्हटलं तरी हिचं चाचणी घेणं चालूच आहे. चिकाटी माझ्याकडूनच आली आहे. दार न वाजवता परत फिरले.

२९ मार्च, शनिवार

तलावावर पहिली चाचणी. गार्ड आपल्या बाजूचा आहे. त्याने लॅपटॉप त्याच्या केबिनमध्ये ठेवून तलावाच्या मोठ्या स्पीकरला जोडून दिला. माझ्या कमरेला आकड्यांचा छोटा कीबोर्ड, बिनतारी, पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. माझी जुनी बॅच सध्या गार्डच सांभाळतो. पोरं मला बघून काठावर लोंबकळली. गळ्याच्या भोकावरच्या रुमालाकडे बघून एकीने विचारलं, "मॅडम, दुखतं का?" मी नाही म्हणून मान हलवली. प्रश्न मिटला. मोठ्या माणसांना एवढं सरळ विचारता येत नाही.

तलाव रिकामा होता तोवर झकास. "थांब!" "कडेला ये!" "पाय सरळ!" शब्द न् शब्द स्वच्छ.

मग पोरं पाण्यात उतरली आणि सगळं ओम्फस्. पाण्याचा सपसप आवाज, किंचाळ्या, भिंतींवरून उलटणारा घुमारा. "कडेला ये" म्हटलं, तर दोघं खोल पाण्याकडे निघाले. एकाने मला नमस्कार केला. आणखी एकाला वाटलं, क्लबची घोषणा चालली आहे.

सेक्रेटरी गॅलरीत उभे होते. काही बोलले नाहीत. न बोलण्यातही किती बोलता येतं!

घरी येऊन रडलेबिडले नाही. भोकातून खोकला आला की डोळ्यांत पाणी येतंच.

६ एप्रिल, रविवार

आठवडाभर काठावरच्याबरोबर आवाज घासूनपुसून बघितले. जाड आवाज, सावकाश आवाज, पुरुषाचा आवाज. तो बिचारा एकामागून एक उपाय सुचवत होता, आणि मी लिहीत होते. घुमारा काही हटेना.

आज चहा गाळताना हात थांबला. माझा आवाज होता, तेव्हा तरी मी तलावावर बोलत होते का? मी "हो—ऽऽ" ओरडायचे, शिट्टी मारायचे, टाळ्या वाजवायचे. वाक्यं पोरं काठावर आली की. पाण्यातल्या पोराच्या कानात पाणी असतं. त्याला शब्द नको असतात.

लॅपटॉप उघडून लिहिलं, 'मला माणसासारखं बोलायचंच नाहीये. पोरांनी मान वर करून माझ्याकडे बघायला हवंय, बस्स.'

काठावरचा म्हणाला, 'मी आतापर्यंत बोलण्यावरच अडकून राहिलो होतो. तुम्ही प्रश्नच बदललात. मग असं विचारू: किती वेगवेगळ्या गोष्टी सांगायच्या आहेत? आणि कोणते आवाज पाण्याच्या गोंगाटात एकमेकांपासून वेगळे ओळखू येतील? हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.'

माहीत आहेच.

शब्द सगळे पुसले. त्या 'थांब!' म्हणणाऱ्या बाईलाही निरोप दिला. लेकीने बघितलं, म्हणाली, "म्हणजे आता तू बोलणारच नाहीस?" आणि निघून गेली. मी बोलणार नाही असं कोण म्हणालं?

११ एप्रिल, शुक्रवार

धमाल. प्रत्येक पोराला सांगितलं, तुझा आवाज तू निवड. एकाला सायकलची घंटा. एकीला घरच्या दाराची करकर, ती तिने फोनवर भरून आणली. एकाला म्हैस. एकाने आजोबांची शिंक आणली, आणि ती शिंक स्पीकरवर वाजली तेव्हा गार्ड खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. ज्याचा आवाज वाजेल, त्याने माझ्याकडे बघायचं. मी हाताने खूण करते. पाय, कोपर, श्वास, सगळ्याच्या खुणा आहेत.

आणि एक आवाज सगळ्यांसाठी. शून्याचं बटण, लांबलचक खर्जातला भोंगा. वाजला की जिथे असाल तिथून कडेला, आणि बाहेर. त्यात वाद नाही.

म्हैस वाजली आणि पार पलीकडच्या काठाजवळचं पोर गर्रकन वळलं. मी त्याला कोपर दाखवलं. त्याने कोपर उचललं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी कुणाला काही शिकवलं.

१९ एप्रिल, शनिवार

नशीब, आजच सापडलं. घाईत मी घंटा, म्हैस, करकर एकापाठोपाठ दाबली आणि लगेच भोंगा. भोंगा वाजेचना! आधी घंटा पूर्ण झाली, मग म्हैस सावकाश हंबरली, मग दार करकरलं, आणि मग कुठे भोंगा. रांगेत उभा होता बिचारा. खरंच कुणी बुडत असतं तर?

काठावरच्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'नवा आवाज आला की चालू असलेल्या आवाजाचं आणि थांबलेल्या आवाजांचं काय व्हायला हवं? आणि हा नियम सगळ्या बटणांना सारखाच हवा का?'

सारखा नको. घंटेने म्हशीला थांबायला लावायची गरज नाही. पण भोंग्याने सगळ्यांना गप्प करायचं, रांग मोडायची, आणि तो वाजत असताना कुणी मध्ये तोंड घालायचं नाही. हे मी मराठीत एका दमात लिहिलं. कोडमध्ये उतरवायला संध्याकाळ झाली. मधे एकदा इतकी वैतागले की 'दे बाबा तूच लिहून' असं टाइप केलं. पाठवलं नाही. पुसलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. परत आले तेव्हा दिसलं: आवाज वाजवायच्या आधी बटण शून्य आहे का, हे मी विचारतच नव्हते.

आता मी काहीही दाबत असले तरी भोंगा मधेच घुसतो. बघून जीव सुखावला. मलाही असंच लोकांच्या मधे घुसता यायचं.

२७ एप्रिल, रविवार

आज परीक्षा.

तलाव गच्च. एका बाजूला माझी पोरं, दुसऱ्या बाजूला क्लबचे सकाळचे मेंबर, आणि त्यांच्यात स्वतः सेक्रेटरी, टोपी-चष्मा घालून. "मीच पाण्यातून ऐकतो," म्हणाले. मी लिहिलं, उत्तम. लेक मागे बाकावर बसली होती. मी बोलावलं नव्हतं.

पोरांच्या हाका झाल्या. घंटा, शिंक, म्हैस, सगळी वळली. मेंबर लोक पोहायचं सोडून हसायला लागले. मग मी शून्य दाबलं.

पोरं तर निघालीच, पण ज्यांना मी कधी काही शिकवलं नाही, ते मेंबरही आपोआप कडेला लागले आणि शिडीवर चढले. एक आजोबा घाईत चष्मा पाण्यातच विसरले. तलाव रिकामा. मधोमध एकटे सेक्रेटरी. पोहताहेत. संथ, आरामात.

मी दुसऱ्यांदा दाबलं. पोहताहेत.

टोकाला पोचून ते वर आले, कानातलं पाणी झटकलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मॅडम, सॉरी, पण मला काही ऐकू आलं नाही. आणि एकाला जरी ऐकू आलं नाही, तरी..."

मी फोनवर टाइप केलं. गार्डच्या हातात फोन दिला. त्याने मोठ्याने वाचलं:

"पहिल्या भोंग्याला तुमचा उजवा हात पाण्याबाहेर असतानाच थांबला. मान माझ्याकडे वळली. मग तुम्ही परत पोहायला लागलात. ऐकू आलं नाही, तर हात का थांबला?"

ओलेते आजोबा म्हणाले, "थांबला होता हो. मीपण बघितलं." मग पोरं ओरडायला लागली, "थांबला होता! थांबला होता!"

"आणि हे यंत्र बंद पडलं तर?" त्यांनी शेवटचं विचारलं.

मी लिहिलं, "तर गार्डची शिट्टी. तुमचा घसा बसतो तेव्हा तुम्ही काय करता?"

ते हसले. आजचं हसणं झोंबलं नाही. "बॅच तुमची," म्हणाले आणि टॉवेल शोधायला गेले.

लेक बाकावर नव्हती. घाईत गेली असेल.

४ मे, रविवार

सेक्रेटरींचा सकाळीच मेसेज. कमिटीचं म्हणणं आहे, घरी केलेल्या प्रोग्रॅमवर क्लब विसंबून राहू शकत नाही. एखाद्या कंपनीकडून तो नव्याने, व्यवस्थित लिहून घेऊ.

उत्तर दिलं: नाही.

लगेच दुसरा मेसेज: निदान कुणा जाणकाराकडून एकदा तपासून तरी घ्या.

हे मात्र रास्त आहे. पोरांच्या जिवाचा प्रश्न. मी लेकीसमोर लॅपटॉप ठेवला. आजवर तिला त्याला हात लावू दिला नव्हता. ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि कपाळाला आठ्या घालून वाचायला लागली.

"आई, हे असं कुणी लिहीत नाही."

"मी लिहिते," मी टाइप केलं.

"एवढं लांबलचक? दोन ओळींत झालं असतं."

"मला चार ओळींतच कळतं."

मग ती माझ्या टिपांवर आली. प्रोग्रॅममध्ये अशा ओळी घालता येतात, ज्या मशीन वाचत नाही, फक्त माणसासाठी असतात. काठावरच्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, पुढे विसरायला होतं, लिहून ठेवत जा. मी ठेवल्या. लेक त्या मोठ्याने वाचू लागली.

"'कंस बंद कर. दार सताड उघडं टाकून जातेस का कुठे?'" तिने माझ्याकडे बघितलं. पुढे वाचलं. "'हे का चालतंय मला माहीत नाही. हात लावू नकोस. लावशील तर बघ.'" आता ती कमरेवर हात ठेवून, माझ्यासारखी मान तिरकी करून वाचत होती. "'इथे अक्कल गहाण टाकली होतीस का? असो. झालं ते झालं.' 'शहाणपणा पुरे, आधी जेवून घे.'"

ती हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग हसणं थांबलं तरी पाणी थांबेना. 'आधी जेवून घे' हीच ओळ परत परत वाचत राहिली.

मी लिहिलं, "इतका काही वाईट नाहीये."

तिने नुसती मान हलवली. मग डोळे पुसून म्हणाली, "आई, याची एक प्रत मी माझ्याकडे ठेवू?"

"कशाला? चालू प्रोग्रॅम इथे आहे."

"असंच."

एक प्रत दुसरीकडे असलेली बरी, लॅपटॉपचा काय भरवसा. म्हणून हो म्हटलं. "चुका किती निघाल्या?" मी विचारलं. ती म्हणाली, भोंग्याचा भाग तिने दोनदा नीट बघितला, तो पक्का आहे. आणि बाकी कशालाही ती हात लावणार नाही, मलाही लावू देणार नाही.

हिला कामात इतकं हळवं होताना मी कधी बघितलं नव्हतं. पण बॅचची वेळ झाली होती. लॅपटॉप तिच्यापुढून उचलला, पिशवीत घातला, आणि चपला घालता घालता सेक्रेटरींना कळवलं:

'जाणकाराने तपासला. एकही चूक सापडली नाही.'